सूर्याची आच मंदच आहे

मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडला की नागपूरच्या पेपरांत नवतप्याची बातमी येते. सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला, आता नऊ दिवस अंगाची लाही होणार, दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, खिशात कांदा ठेवा. सीताबर्डीपासून सक्करदऱ्यापर्यंत माणसे दुपट्ट्यात तोंड गुंडाळून गाड्या हाकतात, कूलरमध्ये पुन्हा पुन्हा पाणी भरतात, आणि पानठेल्यावर कुणीतरी म्हणतोच, "यंदा सूर्य जास्तच तापून राह्यला, बाप्पा." २०२४ च्या मे अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले होते. सेन्सर बिघडला होता, असे हवामान खात्याने नंतर सांगितले. पण ५६ चा आकडा जेवढ्या व्हॉट्सॅप गटांत फिरला, तेवढ्यांत खुलासा काही फिरला नाही.

या सगळ्या तगमगीत एक प्रश्न राहून जातो. सूर्यात जळते तरी काय? साडेचार अब्ज वर्षे उलटली तरी पंधरा कोटी किलोमीटरवरून आपल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी हात पोळेल इतके तापवायची ताकद त्याच्यात येते कुठून? शाळेत याचे उत्तर एका शब्दात मिळते, 'अणुसंमीलन', आणि ते परीक्षेपुरते पुरतेही. त्या शब्दाच्या आत शिरले मात्र की आपल्या डोक्यातले भडकलेल्या भट्टीचे चित्र टिकत नाही. सूर्याच्या पोटातली आच फार म्हणजे फारच मंद आहे.

आधी नवतप्याचा हिशेब

नागपूर तापते त्यात सूर्याची वाढीव मेहनत काही नसते. वातावरणाच्या बाहेर, सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या एका चौरस मीटरवर सरासरी १,३६१ वॅट ऊर्जा पडते. सूर्यावरच्या डागांचे अकरा वर्षांचे चक्र असते, त्यात हा आकडा हजारात एखाद्याने वरखाली होतो. उन्हाळ्यात तर आपण सूर्यापासून लांब जात असतो. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला त्याच्या सर्वांत जवळ असते आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. फरक सुमारे पन्नास लाख किलोमीटरचा.

नागपूर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर आहे. त्यामुळे २६ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच गडप होते. किरण सरळ, आभाळ कोरडे, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, जमीन दोन महिने भाजून निघालेली, त्यात वायव्येकडचे गरम वारे. नवतपा घडतो तो यातून. पुरावा हवा असेल तर जुलैचा मध्य बघा. परतीच्या वाटेवरचा सूर्य तेव्हा पुन्हा एकदा नागपूरच्या डोक्यावर येतो, सावली पुन्हा नाहीशी होते. पण वर ढग आणि खाली चिखल, कुणाला पत्ताही लागत नाही, आणि मेच्या मानाने पारा बराच उतरलेला असतो. सूर्य तोच, कोनही तोच.

कोळसा असता तर?

आपल्या ओळखीची आग म्हणजे अणूंची अदलाबदल. कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा जळतो तेव्हा कार्बनचा अणू हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि थोडी उष्णता सुटते. त्या अणूच्या आत, त्याच्या केंद्रकात, काहीही बदलत नाही. कार्बन कार्बनच राहतो, फक्त त्याची सोबत बदलते. म्हणूनच "तिथे ऑक्सिजन नाही तर सूर्य जळतो कसा?" हा मुलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर सरळ आहे: या अर्थाने तो जळतच नाही.

समजा जळत असता, तर किती पुरला असता? कोराडीला ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत. सूर्याएवढी ऊर्जा बाहेर टाकायला तशी तीन-तीन संचांची केंद्रे किती लागतील, तर दोनावर सतरा शून्ये. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सव्वातीन लाख पटींहून जास्त. ते सगळे उत्तम कोळशाचे आहे आणि ऑक्सिजनही फुकट मिळतो असे धरले, तरी या वेगाने तो साठा जेमतेम पाच हजार वर्षांत राख होतो. म्हणजे मानवाने लिहायला सुरुवात केली त्या सुमारास पेटलेला सूर्य आत्ता विझत आला असता.

एकोणिसाव्या शतकात हा पेच खरोखरच पडला होता. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी दुसरी वाट काढली. सूर्य स्वतःच्या वजनाने हळूहळू आकसतो आणि आकसताना तापतो, असे त्यांचे म्हणणे. भौतिकशास्त्र म्हणून ते चुकीचे नव्हते. हिशेब काढला तर सूर्याला काही कोटी वर्षे मिळत होती. पण खडकांचे थर वाचणारे भूशास्त्रज्ञ आणि जीवांची उत्क्रांती मांडणारे डार्विन यांना त्याहून कितीतरी जास्त काळ हवा होता. सूर्यापेक्षा त्याच्या उन्हात तयार झालेले खडक जुने निघत होते. कुणाचा तरी हिशेब अपुरा होता, हे उघड होते.

बेरजेत हरवलेले सात भाग

उत्तराची किल्ली एका वजनकाट्यात सापडली. १९२० मध्ये इंग्लंडमध्ये फ्रान्सिस अ‍ॅस्टन अणूंची अचूक वस्तुमाने मोजत होते. हायड्रोजनचे चार अणू मिळून जेवढे भरतात, त्यापेक्षा हेलियमचा एक अणू किंचित हलका भरतो, हे त्यांच्या मोजणीतून दिसले. हजारातले सुमारे सात भाग कमी. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी त्याच वर्षी हा धागा पकडला. चार हायड्रोजनचा एक हेलियम होत असेल, तर हरवलेले सात भाग गेले कुठे? आइन्स्टाइनच्या सूत्राप्रमाणे वस्तुमान म्हणजे गोठवून ठेवलेली ऊर्जाच. ते सात भाग ऊर्जा होऊन बाहेर पडत असतील, तर सूर्य अब्जावधी वर्षे सहज चालतो.

एक ग्रॅम वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदलले तर ती महावितरणच्या हिशेबाने अडीच कोटी युनिट भरते. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या जवळपास सात हजार घरांची ती वर्षाची वीज झाली. एक ग्रॅम हरवायला सुमारे १४३ ग्रॅम हायड्रोजनचे हेलियम व्हावे लागते, म्हणजे मूठ-दोन मूठ भुईमुगाच्या दाण्यांइतक्या वजनाचे.

हलकी केंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक बनण्याच्या या क्रियेलाच संमीलन म्हणतात. तारापूरच्या अणुवीज केंद्रात नेमके उलटे होते, तिथे युरेनियमचे जड केंद्रक फोडतात.

पण सूर्यात एवढा हायड्रोजन आहे याची तरी खात्री काय? तेव्हा समज असा होता की सूर्य साधारण पृथ्वीच्याच मालाचा, लोखंडबिखंडाचा आहे. १९२५ मध्ये सेसिलिया पेन या पंचविशीतल्या संशोधिकेने ताऱ्यांच्या प्रकाशातल्या काळ्या रेषा पुन्हा वाचल्या. त्यासाठी तिने जे समीकरण वापरले ते आपल्या मेघनाद साहा यांचे, १९२० चे. तिचे उत्तर आले की तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत. ज्येष्ठांना ते पटेना, आणि हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावे लागले. चार वर्षांनी त्याच ज्येष्ठांपैकी हेन्री नॉरिस रसेल यांनी ती बरोबर असल्याचे मान्य केले. आज आपण सांगतो की सूर्याच्या वस्तुमानाचे सुमारे तीन-चतुर्थांश हायड्रोजन आणि उरलेले जवळजवळ सगळे हेलियम.

हेलियमचे नाव निघाले म्हणून जाता जाता. हा वायू पृथ्वीवर हाती लागण्याआधी सूर्यात दिसला, आणि त्या शोधात १८ ऑगस्ट १८६८ च्या भारतातून दिसलेल्या खग्रास ग्रहणाचा मोठा वाटा आहे. विजयदुर्गावर 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी तिथून हेलियम शोधला असे सांगतात. ऐकायला गोड आहे. पण ते ग्रहण गुंटूरहून पाहिले ते फ्रान्सच्या यान्सेन यांनी, आणि लॉकयर यांनी आपले निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून केले.

जवळ येणे महाकठीण

हायड्रोजनचे केंद्रक म्हणजे एकच कण, प्रोटॉन. त्यावर धन विद्युतभार असतो, त्यामुळे दोन प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात, आणि जितके जवळ जातील तितक्या जोराने. ते अगदी चिकटले तर केंद्रकातले आकर्षणाचे बल त्यांना धरून ठेवायला तयार असते. पण त्या बलाचा हात फार आखूड आहे. तिथवर पोचायला प्रचंड वेग हवा, म्हणजे प्रचंड तापमान हवे.

सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश सेल्सियस आहे. वरच्या थरांच्या वजनाने तिथला वायू इतका दाबला गेला आहे की एका घन सेंटिमीटरचे वजन दीडशे ग्रॅम भरते, शिशाच्या तेरापट. आणि गंमत अशी की तरीही हे तापमान पुरत नाही. जुन्या भौतिकशास्त्राने गणित केले तर दीड कोटी अंशांना प्रोटॉन एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. एडिंग्टन यांच्यावर टीका करणारे हाच मुद्दा धरून होते.

मार्ग दाखवला क्वांटम भौतिकीने. अगदी लहान कणांच्या जगात, जो अडथळा ओलांडायला ऊर्जा पुरेशी नाही, त्याच्या पलीकडेही कण सापडण्याची थोडी शक्यता असते. जॉर्ज गॅमो यांनी १९२८ मध्ये ही कल्पना केंद्रकांना लावली, आणि पुढच्याच वर्षी अ‍ॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी ती ताऱ्यांना लावून दाखवली. शक्यता नगण्य आहे, पण सूर्यात प्रोटॉन इतके आहेत की नगण्याचीही मोठी रक्कम होते. १९३८-३९ मध्ये हान्स बेथे यांनी ही साखळी टप्प्याटप्प्याने मांडली. १९६७ चे नोबेल त्यांना मिळाले ते याच कामासाठी.

पहिल्या टप्प्यात दोन प्रोटॉन एकत्र येतात आणि त्याच क्षणी त्यातल्या एकाचा न्यूट्रॉन, म्हणजे विद्युतभार नसलेला कण, होतो. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून बनतो तो जड हायड्रोजन. सोबत एक पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनसारखाच, पण धन भाराचा कण) आणि एक न्यूट्रिनो (भार नसलेला, अत्यंत हलका कण) बाहेर पडतो. हा न्यूट्रिनो लक्षात ठेवा, तो पुढे साक्षीला येणार आहे. दुसऱ्या टप्प्यात जड हायड्रोजनला आणखी एक प्रोटॉन मिळून हलका हेलियम होतो. तिसऱ्यात असे दोन हलके हेलियम भेटतात, नेहमीचा हेलियम तयार होतो आणि दोन प्रोटॉन परत मिळतात.

आता वेळ बघा. दुसरा टप्पा काही सेकंदांत उरकतो. तिसऱ्याला लाखो वर्षे लागतात. आणि पहिल्यासाठी गाभ्यातल्या एखाद्या प्रोटॉनला सरासरी सुमारे एक हजार कोटी वर्षे थांबावे लागते. विश्वाचे वय त्याच्या दीडपटसुद्धा नाही! कारण भेट झाली तरी त्या निमिषातच प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हायला हवा, आणि ते काम ज्या बलाकडे आहे त्याचे नावच क्षीण बल. बहुतेक भेटी वाया जातात.

मग हा हायड्रोजन बॉम्ब का नाही?

हा आक्षेप नेहमी येतो. त्याचे अर्धे उत्तर या पहिल्या टप्प्यात आहे. बॉम्बमध्ये साधा हायड्रोजन वापरत नाहीत. जड हायड्रोजनचे प्रकार वापरतात, म्हणजे हजार कोटी वर्षांचा टप्पा आधीच वगळलेला असतो. सूर्याला ती सवलत नाही.

उरलेले अर्धे उत्तर सूर्याच्या वजनात आहे. गाभ्यात संमीलन जरा वाढले की तापमान वाढते, वायू फुगतो, फुगला की थंड होतो आणि संमीलन मंदावते. फारच मंदावले तर वरचा भार गाभ्याला दाबतो, तो तापतो आणि गती पूर्ववत होते. कुणी चालक नाही, कुणी झडप फिरवत नाही. गुरुत्वाकर्षण आत ओढते, उष्णता बाहेर रेटते, आणि या दोघांच्या ओढाताणीत सूर्य साडेचार अब्ज वर्षे एका जागी बसून आहे.

काटोलकडचा उकिरडा

ज्यांचे गाव काटोल-सावनेरकडे आहे त्यांनी हे पाहिले असेल. हिवाळ्याच्या सकाळी शेणखताचा मोठा उकिरडा फावड्याने उकरला की आतून वाफ निघते. वरचा थर दवाने ओला, गार. कोपरभर खोल हात घालाल तर चटका बसेल. आत विस्तव नसतो. कुजवणारे सूक्ष्मजीव आपापल्या जागी किंचित ऊब सोडत असतात, एवढेच. घमेलेभर शेण बाजूला काढून ठेवा, ते गारच राहते. ढिगाला मात्र ऊब कोंडून धरता येते, कारण लांबी-रुंदी-उंची दुप्पट केली तर आतला माल आठपट होतो आणि उष्णता बाहेर पडायची कातडी चारपटच.

सूर्याचे गणित हेच आहे, आणि आकडेसुद्धा उकिरड्याचेच आहेत. अगदी केंद्राशी, जिथे संमीलन सर्वांत जोरात चालते, तिथल्या एका घनमीटरमध्ये ऊर्जा तयार होते फक्त पावणेतीनशे वॅटच्या आसपास. दहा बाय दहा बाय दहा फुटांची खोली सूर्याच्या गाभ्यातल्या मालाने गच्च भरली, तर त्या खोलीतल्या मालाचे वजन चार हजार टनांच्या वर जाईल आणि त्यावर दीड टनाचे पाचेक एसी चालतील. बस्स. पूर्ण सूर्याची सरासरी काढली तर एका किलोमागे एक वॅटचा पाच-हजारावा भागही धड नाही. स्वस्थ बसलेला माणूस किलोमागे वॅटभर उष्णता सोडतो, वजनाच्या प्रमाणात सूर्याच्या काही हजारपट. नवतप्यात पन्हे पीत बसलेले आपले मामा, किलोला किलो लावून, सूर्याला केव्हाच मागे टाकतात.

मग एवढे ऊन येते कुठून? आकारातून. सूर्याचा आकार मोजायला दुर्बीण लागत नाही. दुपारी कडुनिंबाखाली उभे राहा आणि जमिनीवरचे कवडसे बघा. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, पण कवडसे गोल पडतात, कारण प्रत्येक कवडसा ही सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. फट जमिनीपासून तीन मीटर उंच असेल तर कवडसा पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे अंतराचा साधारण एकशे-सातवा भाग. (एकशे आठ निघाले असते तर कुणीतरी लगेच जपमाळ काढली असती.) हेच प्रमाण पंधरा कोटी किलोमीटरला लावा, सूर्याचा व्यास येतो सुमारे चौदा लाख किलोमीटर. असा ढीग असला की आच कितीही मंद असो, त्याच्या प्रत्येक चौरस मीटर कातडीतून सहा कोटी वॅट बाहेर पडावेच लागतात.

एकूण जमाखर्च असा: दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचा हेलियम होतो आणि त्यातले ४० लाख टनांहून थोडे जास्त वस्तुमान ऊर्जा होऊन निघून जाते. "मग सूर्य झिजत असेल ना?" झिजतो. आजवर शंभरेक पृथ्व्यांएवढे वस्तुमान त्याने असे उधळले आहे. त्याच्या एकूण वजनात ते दहा हजारात तीन भाग.

गाभ्यातली ऊर्जा, अंगणातले ऊन

गाभ्यात जन्मते ते ऊन नसते. तिथे निघतात गॅमा किरण, एक्स-रेपेक्षाही तीव्र. ते थेट बाहेर आले असते तर इथे कुणी नवतप्याची तक्रार करायला उरले नसते. पण गाभ्यातल्या दाटीत प्रकाशाचा कण जरासा पुढे जाताच कशावर तरी आदळतो, वळतो, शोषला जातो, पुन्हा बाहेर पडतो. दिशा कुठलीही. अशी वणवण करत ऊर्जा पृष्ठभागाला पोचायला हजारो वर्षे लागतात, आणि काही गणितांत ती लाख-दीड लाखांवर जातात. "आपल्यापर्यंत येणारा प्रकाश लाख वर्षांपूर्वीचा" असे म्हणतात ते तेवढे खरे नाही. तोच कण बाहेर येत नाही. एका मोठ्या रकमेची चिल्लर होत जावी तशी त्या ऊर्जेची वाटणी होत जाते, आणि एक हेलियम बनताना सुटलेल्या ऊर्जेतून अखेर कोटीहून अधिक साधे प्रकाशकण तयार होतात.

पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंश. एवढी तापलेली वस्तू सर्वांत जास्त उजळते ती आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात. तिथून आपल्या अंगणापर्यंत आठ मिनिटे वीस सेकंद.

पृथ्वीच्या वाट्याला यातला सुमारे २२० कोटींतला एक हिस्सा येतो. त्यावरच पाऊस पडतो, संत्र्याला बहार येतो आणि कोराडीचे बॉयलर चालतात. उमरेड-कामठीकडचा कोळसा म्हणजे पंचवीस कोटी वर्षांहून जुन्या अरण्यांनी साठवलेले ऊन. आता लोक गच्चीवर पॅनेल बसवून तो मधला टप्पा गाळतात, ते चांगलेच आहे. एक खुलासा मात्र करायला हवा, कारण विक्रेते तो क्वचित करतात. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे त्याची वीज ०.३ ते ०.४ टक्के घटते. मेच्या दुपारी पॅनेल ६५ अंशांवर गेले की सातवा-आठवा हिस्सा असाच जातो.

आत कुणी पाहून आले का?

पाहून नाही, पण आतून बातमी येते. पहिल्या टप्प्यात सुटलेला न्यूट्रिनो कशालाच जुमानत नाही. दोन-अडीच सेकंदांत तो सूर्यातून बाहेर पडतो. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला असे सुमारे ६,५०० कोटी न्यूट्रिनो आरपार जातात. रात्रीही जातात, तेव्हा पृथ्वी भेदून पायाखालून येतात.

अमेरिकेत रेमंड डेव्हिस यांनी होमस्टेक नावाच्या सोन्याच्या खाणीत, जवळजवळ दीड किलोमीटर खोल, ड्रायक्लीनिंगच्या द्रवाची पावणेचार लाख लिटरची टाकी बसवली. न्यूट्रिनो लागून क्लोरीनच्या एखाद्या अणूचा आर्गॉन व्हायचा, दोन दिवसांत एखादा, आणि तो शोधून मोजायचा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून हे चालू झाले आणि आकडा येत राहिला अपेक्षेच्या एक-तृतीयांश. तीस वर्षे वाद. कुणी म्हणे डेव्हिस चुकले, कुणी म्हणे सूर्याबद्दलची समजूतच चुकली. शेवटी जपान आणि कॅनडातल्या प्रयोगांनी दाखवले की न्यूट्रिनो वाटेत आपला प्रकार बदलतात आणि डेव्हिस यांच्या टाकीला एकच प्रकार दिसत होता. कॅनडाच्या सडबरी खाणीत २००१-०२ मध्ये सगळे प्रकार मोजले गेले आणि बेरीज जुळली. डेव्हिस यांची मोजणी बरोबर होती, सूर्याचे गणितही बरोबर होते.

भारताचे आदित्य-एल१ यान जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून सूर्य न्याहाळते आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेने घडवलेली अतिनील दुर्बीण त्यावर आहे. पण ते पाहते सूर्याचे बाहेरचे थर. गाभ्याची खबर न्यूट्रिनोच देतात.

"चीनने कृत्रिम सूर्य बनवला" म्हणजे काय?

जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या ईस्ट या संमीलनाच्या प्रयोगयंत्राने अतितप्त वायू १,०६६ सेकंद धरून ठेवला, तेव्हा हा मथळा पुन्हा फिरला. अमेरिकेतल्या एका लेसर प्रयोगशाळेत डिसेंबर २०२२ मध्ये इंधनाच्या गोळीवर २.०५ मेगाजूल ऊर्जा टाकून ३.१५ मेगाजूल मिळाली. मोठी गोष्ट आहे, पण ते लेसर चालवायला विजेच्या तारेतून सुमारे ३०० मेगाजूल खेचावे लागले होते. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या इटर या आंतरराष्ट्रीय संमीलन प्रकल्पात भारत भागीदार आहे, आणि आपल्याकडे गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' नावाच्याच यंत्रावर हे काम पूर्वीपासून चालते.

यातले कुणीही सूर्याची नक्कल करत नाही, आणि करून उपयोगही नाही. सूर्याची साखळी जशीच्या तशी इथे उभी केली तर हाती लागेल उकिरड्याची ऊब. म्हणून इथे जड हायड्रोजनचे प्रकार घेतात आणि दाबाची उणीव तापमानाने भरून काढतात. किती, तर पंधरा कोटी अंश. सूर्याच्या गाभ्याच्या दहापट. एवढा तापलेला वायू भिंतीला लागू न देता चुंबकांनी अधांतरी धरायचा, ही खरी डोकेदुखी. वीज घरात यायला अवकाश आहे, आणि तारीख सांगणाऱ्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

संपेल कधी? आणि आजच बंद पडला तर?

इंधन अजून पाचेक अब्ज वर्षे पुरेल. त्यानंतर सूर्य फुगून तांबडा राक्षसी तारा होईल, बुध-शुक्र गिळेल, पृथ्वीचेही बहुधा खरे नाही. स्फोट मात्र होणार नाही, त्यासाठी तो पुरेसा जड नाही. आपली अडचण त्याच्या खूप आधी सुरू होते. सूर्याचे तेज दर अब्ज वर्षांत दहा टक्क्यांच्या आसपास वाढते आहे, आणि अब्जभर वर्षांनी समुद्र टिकणे कठीण होईल.

समजा गाभ्यातले संमीलन या क्षणी थांबले. उद्या नागपुरात ऊन पडेल का? पडेल, तेवढेच कडक. वाटेत अडकलेली ऊर्जा एवढी आहे की आपल्या पुढच्या कित्येक पिढ्यांना फरक कळणार नाही. न्यूट्रिनो मात्र आठ मिनिटे वीस सेकंदांनी येणे थांबेल. जपानमधल्या सुपर-कामिओकांदे या पाण्याच्या अवाढव्य टाकीत सूर्याचे दिवसाला पंधराएक न्यूट्रिनो दिसतात, म्हणजे तिथल्या शास्त्रज्ञांनाही यंत्र बिघडले की सूर्य, हे ठरवायला एखादा दिवस जाईलच. आणि मग सूर्य आकसू लागेल, आकसताना तापेल, आणि केल्विन यांचा तो जुना हिशेब लागू होईल: आणखी दोन-तीन कोटी वर्षे.